लाकडी फ्लोरिंगची नेल गन: कोणती घ्यायची, आणि मुळात घ्यायची का?



लाकडी फ्लोरिंगचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, हार्डवूड फ्लोरिंगसाठी नेल गन कोणती घेऊ?" विचारणारे बहुतेक नवीन पोरं असतात. कोणी आयटीआय करून आलेला, कोणी वडिलांच्या सुतारकामात हात बसलेला, कोणी पुण्यात इंटिरियरच्या साइटवर दोन वर्षं काढून गावाकडे परत आलेला. व्हिडिओमध्ये उत्तर दोन मिनिटांत उरकावं लागतं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नांदेड-लातूर पट्ट्यात धंदा सुरू करणाऱ्या माणसानं फ्लोरिंगची खास नेल गन पहिल्या वर्षात विकत घेऊ नये. काम आलं तर भाड्यानं आणावी, नाहीतर बिनगनची पद्धत वापरावी. पैसा घालायचाच असेल तर जी गन दर आठवड्याला हातात येणार आहे तिच्यात घालावा. माझं स्वतःचं टूल्सचं दुकान आहे. गन विकली की मला चार पैसे मिळतात. तरी हे सांगतोय, कारण एकदा मशीन घेऊन गेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्यांदा खिळे घ्यायला आलं तरच माझं दुकान चालतं. मशीन घरी धूळ खात पडली तर तो खिळे कशाला नेईल?

गन कशावर ठोकणार?

दुकानात असं संभाषण नेहमी होतं.

"दादा, फ्लोअर नेलर मिळंल का?"
"मिळेल की. काम कुठं घेतलंय?"
"काम अजून घ्यायचंय."
"बरं. फळी ठोकणार कशावर?"
"फरशीवर की हो."

इथंच सगळी गोम आहे. फ्लोरिंग नेलरचे जे व्हिडिओ आपण बघतो ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिकडच्या बऱ्याच घरांची जमीनच लाकडाची असते. खाली लाकडी तुळया, तुळयांवर जाड प्लाय, आणि त्या प्लायवर हार्डवूडच्या फळ्या. त्यामुळे माणूस गन घेऊन सरळ ठोकत सुटतो. खिळा लाकडातून लाकडात जातो आणि घट्ट बसतो.

आपल्याकडेही एके काळी लाकडावर लाकूड होतं. जुन्या वाड्यांच्या माड्या आठवा. तुळया, त्यावर फळ्या, आणि वर मातीचं माळवद. पण ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीच्या जड घरांखाली हजारो माणसं गेली. त्यानंतर आपल्या भागात ज्याला जमेल त्यानं स्लॅबचं घर बांधलं. आज नांदेडच्या नव्या कॉलनीत जा नाहीतर लातूरच्या, खाली काँक्रीट आणि वर टाइल्स किंवा ग्रॅनाइट. त्यात फ्लोरिंगचा खिळा जात नाही. जबरदस्ती केली तर टाइल फुटते, खिळा वाकतो, किंवा उडून तोंडावर येतो.

म्हणून गन निवडण्याआधी प्रश्न हा, की खिळ्याला धरायला खाली लाकूड आहे का? नसेल तर आधी ते तयार करावं लागतं. एक तर स्लॅबवर साधारण एकेक फुटावर लाकडी रिपा स्क्रूनं पक्क्या करायच्या, नाहीतर १८ मिमी चांगला प्लाय अंथरून आवळायचा. हा खर्च, ही मजुरी आणि वाढणारी उंची कोटेशनमध्ये धरलीच पाहिजे. उंची वाढली की दरवाजे खालून कापावे लागतात. हे काम सुरू झाल्यावर लक्षात आलं तर नफा तिथंच जातो.

"लाकडी फ्लोरिंग" या नावाखाली चार वेगळी कामं

गिऱ्हाईक फोनवर म्हणतं, "वुडन फ्लोरिंग करायचंय." लगेच गन शोधायला लागू नका. आधी विचारा, नेमकं काय करायचंय?

१) लॅमिनेट. ८ किंवा १२ मिमी जाडीच्या पट्ट्या. खाली फोमचा थर, आणि पट्ट्या एकमेकींत क्लिक करून अडकवायच्या. हे फ्लोरिंग जमिनीला कुठंही चिकटलेलं नसतं, ते आख्खं तरंगतं. याला खिळा मारायचाच नाही. मारलात तर पट्ट्यांना फुगायला-आकसायला जागा राहत नाही आणि सांधे उचलतात.

२) एसपीसी किंवा विनाइलच्या क्लिक पट्ट्या. दिसायला लाकूड, पण लाकूड नाही. इथंही खिळा नको.

३) इंजिनियर्ड वूड. वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लायसारखे थर. बरेचदा हे क्लिकवर किंवा गमवर बसतं. खाली प्लाय असेल तर बारीक खिळ्यानंही बसवता येतं.

४) सॉलिड हार्डवूड. अस्सल लाकडाची, साधारण १८-१९ मिमी जाडीची फळी. सागवान, ओक वगैरे. फ्लोरिंग नेलर मुख्यतः याच कामासाठी बनवलेली असते.

आपल्या भागात क्लिनिक, शोरूम, बेडरूम, सलून अशा ठिकाणी "वुडन" म्हणून जे विचारलं जातं ते बहुतेक पहिल्या दोन प्रकारांतलं असतं. त्याला लागतं काय? कटर, रबरी हातोडा, टॅपिंग ब्लॉक, स्पेसर आणि नीट मोजमाप. गन शून्य! म्हणजे ज्या कामासाठी तुम्ही गन घ्यायला निघालात, त्यातल्या बऱ्याच ऑर्डरी गन न घेताच होतात.

आणि समजा, खरंच सॉलिड लाकडाचं काम आलं

एखाद्या डॉक्टरांचा बंगला, योगा हॉल, छोटं स्टेज, बॅडमिंटन कोर्ट. अशी कामं कमी येतात, पण येतात. तेव्हा अडाणी राहायचं नाही. म्हणून गनची माहिती पक्की करून घ्या.

फळीच्या एका कडेला जीभ असते, दुसऱ्या कडेला खाच. खिळा वरून दिसता कामा नये, म्हणून तो जिभेच्या मुळाशी साधारण ४५ अंशात तिरका मारतात. पुढची फळी बसली की तो झाकला जातो. फ्लोरिंग नेलरचा बूड असाच तिरका बनवलेला असतो. वर रबरी मॅलेट मारला की दोन कामं एकदम होतात. फळी मागच्या फळीला घट्ट भिडते आणि खिळा आत जातो. साध्या गनला हे फळी भिडवण्याचं काम जमत नाही. या मशीनला वेगळी किंमत आहे ती यामुळेच.

खिळा दोन प्रकारचा मिळतो. एक क्लीट, म्हणजे एल किंवा टी डोक्याचा, अंगावर खाचा असलेला चपटा खिळा. दुसरा जाड स्टेपल, दोन पायांचा. क्लीटला लाकडाच्या फुगण्या-आकसण्याबरोबर थोडं हलता येतं, त्यामुळे काही वर्षांनी फरशी कमी करकरते. स्टेपल स्वस्त आणि पकड घट्ट, पण पातळ किंवा ठिसूळ जिभेला चीर पाडू शकतो. माझा कौल क्लीटला.

गेजचं गणित उलटं असतं, हे ध्यानात ठेवा. आकडा मोठा तेवढा खिळा बारीक. १८-१९ मिमी फळीला १६ गेजचा क्लीट चालतो. पातळ इंजिनियर्ड पट्टीला किंवा फार कडक लाकडाला १८ गेजचा बारीक क्लीट बरा. गावाकडं औताला बाभळीचं लाकूड वापरलेलं तुम्ही बघितलंय. बाभळीत भोक न पाडता खिळा मारायला गेलं की एक तर खिळा वाकतो, नाहीतर लाकूड चिरतं. कडक फळीचंही तेच. सागवान त्या मानानं समजूतदार लाकूड, ओकपेक्षाही थोडं मऊ. आपल्या नांदेड जिल्ह्यात किनवटकडे सागाचं जंगल आहे, त्यामुळे सागावर हात बसलेले जुने मिस्त्री या भागात आहेत. त्यांना दोन दिवस सोबत घ्या, व्हिडिओपेक्षा जास्त शिकाल.

लांबीत नवीन माणूस फसतो. रिपा जाड असतील तर २ इंची क्लीट ठीक. पण स्लॅबवर फक्त १८ मिमी प्लाय असेल तर २ इंची खिळ्याचं टोक खाली काँक्रीटला जाऊन थडकतं, आणि डोकं जिभेच्या वर राहतं. मग पुढची फळी बसत नाही. तिथं दीड इंची घ्या. प्लायवर साधारण ८ ते १० इंचांवर एक खिळा, रिपांवर प्रत्येक रिपेला एक.

पहिल्या एक-दोन ओळी आणि शेवटच्या ओळी फ्लोरिंग नेलरनं होत नाहीत, कारण भिंतीमुळे मॅलेट फिरवायला जागा नसते. तिथं साधी ब्रॅड किंवा फिनिश गनच लागते. म्हणजे फ्लोरिंग नेलर घेतली तरी ब्रॅड गन लागणारच. मग आधी कोणती घ्यावी, हे वेगळं सांगायला नको.

बिनगनची पद्धतही चांगली आहे. जिभेत तिरकं बारीक भोक पाडायचं आणि स्क्रू आवळायचा. वेळ लागतो, पण पकड एक नंबर. दीड-दोनशे चौरस फुटांच्या खोलीला हे सहज परवडतं. कॉम्प्रेसर नको, लाइट गेली तरी बॅटरीच्या ड्रिलवर काम चालू. दुसरा पर्याय हाताची फ्लोरिंग नेलर. तिला हवा लागत नाही, मॅलेटच्या जोरावर खिळा जातो. लाइटचा भरवसा नसलेल्या साइटवर तीच बरी. फक्त साध्या एफ-५० ब्रॅडवर सगळी सॉलिड फळी ठोकून मोकळे होऊ नका. तो खिळा बारीक आणि गुळगुळीत असतो. लाकूड हललं की तो सुटत जातो.

फ्लोरिंग बिघडतं ते गनमुळे नाही, पाण्यामुळे

आपला उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, हवा कोरडी ठाक. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं ते हेच लातूर. आणि त्याच भागात जुलै-ऑगस्टला दारं फुगून अडकतात. लाकूड उन्हाळ्यात आकसतं, पावसाळ्यात फुगतं. ऐन उन्हाळ्यात भिंतीला टेकवून घट्ट बसवलेलं फ्लोरिंग पावसाळ्यात मधूनच उचलतं. कितीही महागाची गन असली तरी हे थांबत नाही.

म्हणून मी म्हणतो, गनवर घालायचे पैसे आधी मॉइश्चर मीटरवर घाला. तो स्वस्त आहे आणि खिशात मावतो. फळ्या बसवायच्या आधी त्याच खोलीत आठवडाभर तरी मोकळ्या रचून ठेवा. लाकडाचा ओलावा साधारण ८ ते १२ टक्क्यांच्या आसपास आला की पुढं जा. खालची ओल बघायला सोपी युक्ती आहे. दीड-दोन फुटांचा पॉलिथीनचा तुकडा जमिनीवर चारी बाजूंनी टेपनं चिकटवा आणि एक दिवस ठेवा. आतून थेंब दिसले की काम थांबवा. नवीन कोबा घातलेला असेल तर घाई अजिबात नको. आणि भिंतीकडेनं १० ते १२ मिमी जागा सोडाच, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

हे सगळं गिऱ्हाइकाला करून दाखवा. पॉलिथीनचा तुकडा चिकटवणारा माणूस गिऱ्हाइकाला लक्षात राहतो. तुमच्या गनचा ब्रँड त्याला चार दिवसांनी आठवतही नाही.

मग आपल्याकडं रोजचं काम कोणतं?

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ. लातूर पॅटर्नचं नाव सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. नांदेडलाही क्लासेसचं जाळं मोठं आहे. जिथं क्लासेस तिथं होस्टेल, मेस, आणि गल्लोगल्ली अभ्यासिका. अभ्यासिका म्हणजे काय? प्लायची पार्टिशनं, टेबल, शेल्फ, कडेला पट्टी. त्याशिवाय मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, दुकानाचं फर्निचर, फॉल सीलिंग, सोफा. ही कामं बारा महिने चालतात, आणि यातल्या बहुतेक कामांत गन रोज हातात येते.

कुठल्या कामाला कुठली, थोडक्यात सांगतो.

- एफ-३०: १८ गेज, ३० मिमीपर्यंतचा ब्रॅड. बीडिंग, लिपिंग, कपाटाची पाठ, पातळ पट्ट्या.
- एफ-५०: त्याच गेजचा, ५० मिमीपर्यंत. एकच गन घ्यायची असेल तर ही, कारण छोटे खिळेही यात चालतात. घेताना खिळ्याची किमान लांबी तेवढी विचारून घ्या.
- यू पिनचा स्टेपलर: सोफा, कुशन, पॅनेलमागचं कापड.
- एसटी-६४: काँक्रीटचे जाड खिळे. स्लॅबवर रिपा किंवा पट्ट्या धरायला. हिला हवेचा दाब आणि शिस्त दोन्ही जास्त लागतात, म्हणून ही नंतर.

कॉम्प्रेसर १ एचपी आणि २४-२५ लिटरची टाकी एवढा सुरुवातीला पुरतो. दाब साधारण ५ ते ७ बार. संध्याकाळी टाकीतलं पाणी सोडायचं, सकाळी गनमध्ये न्यूमॅटिक तेलाचे दोन-तीन थेंब. लाइटचं व्होल्टेज कमी असताना मोटर चालवली की ती तापते आणि जळते. खेड्यातल्या साइटवर हे आधी तपासा. लांबलचक बारीक वायर टाकून मोटर चालवण्यापेक्षा मोटर बोर्डाजवळ ठेवा आणि हवेचा पाइप लांब घ्या.

आता हिशोब

बीबीएला ब्रेक-इव्हन शिकवतात. ते गणित इथं मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या गावचे भाव टाकून बघा.

धरा, फ्लोरिंग नेलर सगळ्या खर्चासह ३०,००० ला पडली. तीच भाड्यानं दिवसाला ८०० ला मिळाली आणि एक काम चार दिवस चाललं, तर भाडं ३,२००. म्हणजे मशीन वसूल व्हायला नऊ-दहा कामं लागतात. वर्षाला सॉलिड लाकडाची दोन कामं मिळाली तर जवळजवळ पाच वर्षं!

आता एफ-५०, कॉम्प्रेसर आणि पाइप मिळून १३,५०० धरा. गनमुळे दिवसाला २०० रुपयांचा वेळ वाचला तरी ६८ दिवसांत पैसे वसूल. तीन महिन्यांच्या आत.

कर्जाचंही बघा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत सुतारकाम आहे. प्रशिक्षणाबरोबर अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आहे. पहिलं कर्ज १ लाखापर्यंत, व्याज ५ टक्के, फेड १८ महिन्यांत. पूर्ण १ लाख घेतलं तर हप्ता महिन्याला साधारण ५,८०० रुपये येतो. व्याज कमी आहे म्हणून हप्ता चुकत नाही असं नाही. वर्षातून दोनदा चालणारं मशीन दर महिन्याचा हप्ता कसा भरणार? पहिला हप्ता थकला की बँकेतलं नाव खराब होतं, आणि पुढचं २ लाखांचं कर्ज अडकतं. नवीन माणसाकडे भांडवल म्हणून नावच तर असतं.

"मशीन असलं की काम येतं" म्हणणाऱ्यांना

हे वाक्य मी नेहमी ऐकतो. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पुण्या-हैदराबादच्या आर्किटेक्टबरोबर तुमचं बांधलेलं काम असेल, स्पोर्ट्स फ्लोरिंगचा ठेका हातात असेल, तर जरूर घ्या. रोज भाडं भरत बसणं तेव्हा वेडेपणा ठरेल. पण मशीन बघून काम देणारं गिऱ्हाईक आपल्या गावात मला तरी क्वचित दिसलं. ते विचारतं, "याआधी कुठं केलंय? दाखवा की." म्हणून पहिली दोन कामं भाड्याच्या गननं करा, फोटो काढा, पावसाळा गेल्यावर परत जाऊन बघून या. तिसरी ऑर्डर ॲडव्हान्ससह हातात आली की गन घ्यायचा विचार करा. आणि घेताना तीनच गोष्टी विचारा. हिचे क्लीट इथं मिळतात का? ओ-रिंग आणि ड्रायव्हर ब्लेड मिळतं का? बिल पक्कं मिळेल का? तिन्हीला हो असेल तर ब्रँडवर फार डोकं खाऊ नका.

सुरक्षेचं एक सांगतो आणि थांबतो. डोळ्याला चष्मा, आणि खिळा अडकला की आधी हवेचा पाइप काढायचा, मगच गन उघडायची. हाताखालच्या पोराला हे पहिल्याच दिवशी शिकवा. त्याचा डोळा गेला तर कुठल्याच हिशोबात तो भरून येत नाही.

या आठवड्याचं काम: वहीत गेल्या तीन महिन्यांची, किंवा तुमच्या मिस्त्रींची, सगळी कामं लिहा. प्रत्येकासमोर लिहा, कोणती गन किती दिवस लागली असती. ज्या गनसमोर जास्त दिवस येतील ती घ्या. वही घेऊन दुकानात आलात तर चहा माझ्याकडून!